अर्ध्या इम्पीरियलचा बोर्ड

मी सुतार नाही. हल्ली हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो, कारण घरात नुसता करवतीचा विषय निघाला तरी माझ्या बायकोचा चेहरा बदलतो. मी तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून आहे. बावीस वर्षं मी येणाऱ्या कागदावर एक शिक्का मारतो आणि जाणाऱ्या कागदावर दुसरा. या दोन शिक्क्यांपलीकडे माझ्या हातून काही निर्माण व्हावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती, आणि माझी तर मुळीच नव्हती.

पण २००३ सालच्या जूनमध्ये माझी मुलगी नम्रता नववीत गेली आणि तिने इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आदल्या वर्षी ती एलिमेंटरीला बसली होती. तेव्हा घरी सरावाला ती कागद लावायची तो एका जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर. पुठ्ठा मधे मोडलेला होता, त्यामुळे तिने काढलेल्या प्रत्येक तांब्याच्या पोटाला एक घडी पडायची. तिला 'क' श्रेणी मिळाली. निकालाचा कागद तिने वहीत ठेवला आणि ती बांगडे साफ करायला आईच्या मदतीला गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. यंदा 'अ' मिळाली तर दहावीनंतर चित्रकलेचा कोर्स करायचा, असं ती मैत्रिणीला सांगत असताना मी ऐकलं होतं. मला तिने सांगितलं नव्हतं, कारण मला सांगून काही होतं असा घरातला अनुभव नव्हता. ते मला लागलं, आणि यंदा पोरीला चांगला लाकडी बोर्ड मिळालाच पाहिजे असं मी मनाशी ठरवलं.

कामासाठी कुडाळला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका दुकानात चौकशी केली. अर्ध्या इम्पीरियल कागदाच्या मापाचा बोर्ड आणि तो उभा करायचं तिकाटणं, या दोहोंची किंमत ऐकल्यावर मी दुकानदाराला विचारलं, की यात चित्र काढून देणारा माणूसही मिळतो का. तो हसला नाही. तो अशी गिऱ्हाइकं रोज बघत असणार. बसमध्ये बसल्यावर मला सुचलं की फळी म्हणजे फळी आणि तीन काठ्या म्हणजे तीन काठ्या, यात विकत घेण्यासारखं आहे काय? घरीच करू. मध्यमवर्गीय माणसाला या दोन शब्दांइतकी महाग दुसरी कुठलीही वस्तू पडलेली नाही.

बायको, म्हणजे यशोदा, नेमकी त्याच आठवड्यात माहेरी विजयदुर्गला गेली. तिची आई न्हाणीत घसरून पडली होती. आठ दिवसांसाठी जाताना तिने तांदूळ कुठे, तिरफळं कुठे, सुके बांगडे कुठे हे सगळं मला दोनदा सांगितलं. मागच्या पडवीतल्या कशाला हात लावू नका, हेही ती म्हणाली असं तिचं आजही म्हणणं आहे. माझ्या आठवणीत ते नाही. मी त्या वेळी मान हलवत होतो एवढं मात्र आठवतं.

मागच्या पडवीत जळाऊ लाकडांचा ढीग होता आणि त्याच्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक फळी होती. रविवारी सकाळी मी गोणपाट सोडला आणि खूश झालो. जुन्या फणसाची, दीड बोट जाडीची, पिवळट तांबूस, कुठे किडीचं भोक नाही. पोरीच्या नशिबानेच ही इथे येऊन पडली असं मी मोठ्याने म्हणालो. तेवढ्यात गडग्यावरून, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणावरून, हरिश्चंद्राचं डोकं वर आलं.

हरिश्चंद्र आमचा शेजारी. तीस वर्षं मालवाहू बोटीवर इंजिनात तेल घालून निवृत्त झाला. जगातलं असं एकही लाकूड नाही, ज्याच्याबद्दल तो बोलत नाही. तो स्वतः काम करत नाही, कारण त्याची कंबर सिंगापूरला धरली होती ती अजून सुटलेली नाही. मात्र खुर्ची, रंधा, करवत आणि मत या चार वस्तू घेऊन तो पाच मिनिटांत आमच्या पडवीत हजर झाला.

फळीवर काही खुणा होत्या. आज मी त्या आठवतो तेव्हा मान खाली जाते. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या; हरिश्चंद्र म्हणाला की ही जुन्या दरवाजाची फळी आहे, दरवाजाला मागून अशाच पट्ट्या असतात. एका कोपऱ्यात सुकलेली माती चिकटली होती, ती वाळवीची. मधे तांबडे डाग होते. ते होडीला लावायच्या रंगाचे. आणि खालच्या बाजूला निळ्या रंगाने सतरा आकडा घातला होता. त्यावर त्याने जरा विचार केला आणि सांगितलं की बंदरावरच्या गोदामात दरवाजांना नंबर घालतात, म्हणजे ही गोदामातली फळी, म्हणजे निदान शंभर वर्षांची. मी बावीस वर्षं कचेरीत काढलेली असल्यामुळे इतक्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची मला सवय राहिलेली नाही.

आम्ही कामाला लागलो. म्हणजे मी लागलो. पट्ट्या उचकटल्या, त्यात एक मोडली. फळी अर्ध्या इम्पीरियलपेक्षा जरा मोठी होती, ती बोर्डाच्या मापात आणायला एका बाजूने चार बोटं कापली. जुना फणस कापणं म्हणजे काय असतं ते कापल्याशिवाय कळत नाही. दुपारपर्यंत माझ्या उजव्या हाताला चार फोड आले आणि हरिश्चंद्राचे चार चहा झाले. मग रंधा मारला. हरिश्चंद्र खुर्चीतून सांगत होता, की मनगट नको, खांदा वापर, श्वास सोडताना ढकल, बायकोवरचा राग आठव. तिकाटण्यासाठी गडग्याकडेच्या बेटातले तीन चिवे, म्हणजे बारीक बांबू, तोडले आणि काथ्याने वरून बांधले. फळीला वर दोन भोकं पाडून त्यातून दोरी ओवली. कापलेली चार बोटं आणि मोडकी पट्टी न्हाणीच्या चुलीत घातली आणि त्या पाण्याने मी अंगभर आंघोळ केली. इतकी समाधानाची आंघोळ मी बऱ्याच वर्षांत केली नव्हती.

नम्रता दिवसभर माझ्या आसपासच होती. मधूनच रंध्यातून पडणाऱ्या सालपटांचा वास घ्यायची. संध्याकाळी तिने त्यावर कागद लावला, हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, आरशासारखो झालो." माझ्या आयुष्यात माझ्या कामाचं कुणी केलेलं हे एकमेव कौतुक. पुढे जे झालं ते झालं, पण तो रविवार मी परत द्यायला तयार नाही.

पुढच्या रविवारी यशोदा आली. पिशवी ओट्यावर ठेवून ती थेट मागच्या पडवीत गेली, आणि लाकडांचा ढीग हलवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "पाट खंय ठेवलास?"

मी विचारलं, कसला पाट?

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. प्रत्येक घराचा आपला एक लाकडी पाट असतो. नागपंचमीच्या सुमारास तो पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करणाऱ्याकडे पोचवायचा; कुणाचा ते कळावं म्हणून पाटाला खालून त्या घराचा नंबर घातलेला असतो. तो त्याच पाटावर माती घालून मूर्ती घडवतो, चतुर्थीला गणपती त्या पाटावरूनच घरी येतो आणि विसर्जनाला मूर्ती पाण्यात गेली की रिकामा पाट परत येतो. आमच्या चार भावबंदांचा मिळून एकच गणपती आणि एकच पाट. दर वर्षी एका घरी पाळी. यंदाची पाळी आमची होती, म्हणून आदल्या वर्षी विसर्जन झाल्यावर माझा थोरला चुलतभाऊ दाजी पाट आमच्याकडे आणून देऊन गेला होता. मी तेव्हा कचेरीत होतो. आता कुणी विचारेल की घरचा पाट ओळखता आला नाही का. मी त्याला एवढंच सांगेन, की जन्मभर मी तो पाट बघितला तो गणपतीच्या खाली. आणि गणपती बसलेला असताना खालचं लाकूड कोण बघतो?

यशोदाला मी बोर्ड दाखवला. तिने तो पालथा केला. सतरा आकडा होता, अर्धा. एक आकडा कापण्यात गेला होता. तिने विचारलं की कापलेला तुकडा कुठे आहे. मी सांगितलं. तिने न्हाणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पदर डोक्यावर घेऊन देवापुढे दिवा लावायला गेली.

आता चार बोटं कमी झाली तर झाली काय, असं वाटणाऱ्याला आमचं घराणं माहीत नाही. आमचा गणपती पाटभर. पाट जेवढा तेवढी बैठक, बैठक जेवढी तेवढी मूर्ती. आजोबांच्या वेळेपासून त्यात उणं झालेलं नाही. दोन चुलतभाऊ मुंबईहून सुट्टी काढून येतात ते गणपतीसाठीच, आणि आल्या आल्या बघतात तेही हेच की उंची तेवढीच आहे ना. दाजी सत्तरीचा. माझ्या वडलांमागे घरातला वडीलधारा तोच. मी लहानपणी त्याच्या होडीचं वल्हं मोडलं होतं, ते तो अजून दर श्राद्धाला सांगतो. त्याला काय सांगायचं?

रात्रभर विचार करून मी ठरवलं की कुणाला काही सांगायचंच नाही. तसल्याच जुन्या फणसाची नवी फळी आणायची, तेवढ्याच मापाचा पाट करायचा, त्यावर निळ्या रंगाने सतरा घालायचा. नागपंचमीला तीन आठवडे होते. नम्रताचा बोर्ड नम्रताकडे राहील आणि पाट पाटाच्या जागी जाईल. योजनेत मला तरी कुठे खोट दिसली नाही.

वाडीतला सुतार म्हणाला चतुर्थीनंतर या. दुसरा म्हणाला दिवाळीनंतर या. शेवटी कुडाळच्या बाजूला एका वखारीत हवी तशी फळी मिळाली. वखारवाल्याने साध्या कागदावर पेन्सिलीने पावती दिली. फळी एसटीच्या मागच्या खिडकीतून दोन हात बाहेर आली होती, आणि वाटेतल्या वनखात्याच्या नाक्यावर ती बघूनच एका खाकी माणसाने बस थांबवली. त्याने विचारलं, लाकूड कोणाचं? बसमधल्या चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं.

कचेरीत असल्यासारखी माझी भाषा एकदम शुद्ध झाली. मी म्हणालो की साहेब, ही फळी धार्मिक कार्यासाठी आहे. त्याने वाहतुकीचा पास मागितला. मी पावती दाखवली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, की हे झाड कोणाच्या जमिनीतलं, तोडायची परवानगी कधीची, सातबारा कुठे आहे. मी म्हणालो, अहो, गणपतीचा पाट आहे. तो शांतपणे म्हणाला, "मग गणपतीचं नाव सातबारावर असेल, तो उतारा आणा." हे तो चेष्टेने म्हणाला की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. फळी उतरवली गेली. बस निघाली तेव्हा मागच्या काचेतून ती नाक्याच्या भिंतीला टेकलेली दिसत होती.

मग अर्ज. अर्ज लिहिणं हा माझा प्रांत आहे असं मला वाटत होतं. विषय, संदर्भ, महोदय, सविनय, सगळं जागच्या जागी घालून मी फळी सोडवायला संबंधित कचेरीत गेलो. तिथे सांगितलं की अर्ज आवक शाखेत द्या. आवक शाखेतला कारकून रजेवर होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर तो होता, पण शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रजेवरच्या दुसऱ्या माणसाकडे होती. "उद्या या," तो म्हणाला. त्याचा आवाज फार सौम्य होता. मीही असाच सौम्य आवाजात म्हणतो. लोकांना दुखवायचं नाही म्हणून मी बावीस वर्षं तो आवाज कमावला आहे. टेबलाच्या पलीकडून तो कसा ऐकू येतो, हे मला पहिल्यांदाच कळलं आणि परत येताना बसमध्ये मला स्वतःचा थोडा राग आला.

अर्जाला आवक क्रमांक पडायला नऊ दिवस गेले. पुढे तो टेबलावरून टेबलावर फिरत राहिला. हरिश्चंद्र रोज गडग्यावरून चौकशी करायचा आणि रोज एक उपाय सांगायचा. प्लायवुडचा पाट करा. सिमेंटचा करा, कोचीनला सगळं सिमेंटचं करतात. चार बोटं फेव्हिकॉलने जोडा. पण कुठली चार बोटं जोडायची ते तो सांगायचा नाही, कारण ती चुलीत घालायचा सल्ला त्याचाच होता. या सगळ्यात माझं वजन कमी झालं आणि यशोदा माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होती. नम्रता मात्र रोज संध्याकाळी बोर्ड लावून समोर माडाची करवंटी, कांदा, कंदील असं काही मांडून काढत बसायची. तिच्या तांब्याच्या पोटाची घडी गेली होती. ते बघून मला बरं वाटायचं, आणि मग मी कॅलेंडरवर नागपंचमीपर्यंतचे दिवस मोजायचो.

नागपंचमी आली. फळी नाक्यावरच होती. सकाळी मी नम्रताला म्हणालो की बोर्ड दे. घरात काय चाललंय ते तिला सगळं कळत होतं. तिने चारही कोपऱ्यांच्या टाचण्या काढल्या, दोरी ओढून काढली आणि फळी स्वतःच गोणपाटात गुंडाळून दिली. मग चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली.

गणपतीची शाळा भाई चालवतो. भाई माझ्याच वयाचा, पण त्याच्यासमोर सगळे हळू बोलतात, कारण तो स्वतः जवळजवळ बोलतच नाही. शाळेत भिंतीकडेने लोकांचे पाट रचलेले होते, काहींवर मातीचे नुसते गोळे बसले होते. मी गोणपाट काढला. भाईने पाट हातात घेतला, वजन बघितलं, दोन भोकांतून बोट घातलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पालथा करून उरलेला एक आकडा वाचला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण त्याला त्याची गरज दिसली नाही.

"रंधो कोणी मारलो?" त्याने विचारलं.

मी मारला असं सांगितलं. 

"बरो मारलंस. पण गुळगुळीतार माती धरत नाय."

असं म्हणून त्याने छिन्नीसारखं किकरं घेतलं आणि पाटावर टोचे मारायला सुरुवात केली. आडवे, उभे, परत आडवे. मी रविवारभर श्वास सोडत सोडत केलेला आरसा पाच मिनिटांत खरबरीत झाला. मी नम्रताकडे बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही. ती मात्र जरा पुढे होऊन किकरं कसं धरतात ते बघत होती. निघताना भाई तिला म्हणाला की काढूक व्हया आसात तर हय येऊन बस, बसलेले गणपती काय हलत नाहीत. त्या दिवसापासून ती संध्याकाळी भाईच्या शाळेत जाऊन बसू लागली, मांडीवर पत्र्याच्या डब्याचं झाकण आणि झाकणावर कागद.

चतुर्थीला गणपती घरी आला. मूर्ती देखणी होती, पण कापलेल्या पाटाच्या मापाची, म्हणून लहान होती, आणि मखराच्या वरच्या बाजूला मोकळी जागा राहिली ती यशोदाने झेंडूच्या दोन जादा माळा सोडून झाकली. मुंबईचे भाऊ आले. त्यांतल्या थोरल्याने चष्मा पुसला, परत लावला आणि मला विचारलं की आपला चौरंग यंदा मोठा केला काय रे. मी हो म्हणालो. पूजा झाली, आरती झाली. दाजी अजून काही बोलला नव्हता. त्याने आल्यावर मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पान मागितलं. दाजीची नजर अधू झाली असावी अशी मला आशा वाटू लागली.

आरतीनंतर गाऱ्हाणं. घरातला वडीलधारा देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. दाजी नारळ हातात घेऊन उभा राहिला. सालाबादप्रमाणे सेवा केली ती मान्य करून घे, व्हय म्हाराजा. दर्यावर गेलेल्यांका सुखरूप परत हाड, व्हय म्हाराजा. मग त्याने घसा साफ केला.

"बा देवा, यंदा तुज्या पाटाची चार बोटा गुरुदासान कापल्यान आणि चुलीत घातल्यान. त्या पाण्यान आंघूळ पण केल्यान. ता काय चुकला आसात ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. कुणाच्याही आवाजात आश्चर्य नव्हतं. भाईने नागपंचमीच्याच संध्याकाळी दाजीला सांगितलं होतं. आंघोळीचं हरिश्चंद्राने सांगितलं होतं. ते मुंबईला फोनवर कळलं होतं. इतके आठवडे मी ज्यांच्यापासून लपवत होतो ते सगळे मला बघत, मी किती दिवस लपवतो ते मोजत होते. मी खाली फरशीकडे बघत उभा राहिलो.

"चार बोटा कमी झाली," दाजी पुढे म्हणाला, "तर ती भरून काढूक चार वर्षा तुजी पाळी गुरुदासाच्याच घराक रवांदे."

या वेळचं 'व्हय म्हाराजा' इतक्या जोरात आलं की मखरातली समई हलली. पुढच्या वर्षी ज्याची पाळी होती तो मुंबईचा भाऊ तर दोनदा म्हणाला. यशोदाही म्हणाली, आणि त्यानंतर दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मला वाटलं संपलं. पण दाजीने नारळ खाली ठेवला नाही. तो जरा थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आणि ह्या चेडवाच्या हातात कला दिलंस, तर परीक्षेत येश पण दी. तेचो बापूस तेच्यासाठीच धडपडलो."

मला 'व्हय म्हाराजा' म्हणता आलं नाही. बाकीच्यांनी म्हटलं.

विसर्जनानंतर पाट परत आला. खाऱ्या पाण्याने फुगलेला, खरबरीत, एका कडेला माती. मी एकदा सहज रंध्याची चौकशी केली तर यशोदाने तो हरिश्चंद्राला परत करून टाकला होता. नाक्यावरच्या फळीचं पत्र सप्टेंबरात आलं, की अर्जासोबत जोडपत्र नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे. ते पत्र मी घडी करून खिशात ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही.

महिनाअखेरीला परीक्षा होती. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून नम्रताबरोबर केंद्रावर गेलो. हातात पाट होता, गोणपाटात. ती नको म्हणत होती, पण मला वाटलं की काहीच नसण्यापेक्षा हा बरा. वर्गाच्या दारातून आत बघितलं. प्रत्येक बाकावर एक लाकडी बोर्ड ठेवलेला होता. सगळे एका मापाचे, गुळगुळीत, चाळीस बोर्ड.

पेपर सुटल्यावर आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. बस यायला वेळ होता. मी तिला विचारलं की परीक्षेला बोर्ड केंद्रावर मिळतात हे तुला कधी कळलं.

"बाईंनी जूनमध्येच सांगल्यानी," ती म्हणाली. "सरावाक शाळेतलो बोर्ड घराक न्हेवक पण दितत."

मी बाकावर बसलो. चार फोड, वखार, नाका, नऊ दिवस, चार वर्षं. मी विचारलं, "मगे माका कित्याक नाय सांगलंस गो?"

ती पाय हलवत समोर बघत राहिली. "तुमी त्या रविवारी दिवसभर माज्यासाठी घराक होतास," ती म्हणाली. "सांगलं असतंय तर उठान गेलास असतास."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं की स्मरणचित्राला विषय काय होता. सुट्टीच्या दिवशी आमचं घर, असा विषय होता. तिने मागची पडवी काढली होती. खुर्चीत हरिश्चंद्र, आणि फळीवर वाकलेला मी.

"आणि मी कसो दिसतंय?"

तिने जरा विचार केला. "दमलेले दिसतास," ती म्हणाली. "पण रंध्यावरचे हात बरे इले. हात काढूक सगळ्यात कठीण."

बस आली. ती पाट माझ्या हातातून घेऊन पुढे चढली आणि खिडकीजवळची जागा तिने माझ्यासाठी धरून ठेवली.